बॉम्ब हिल

१

रत्नाबाई ती पाटी उपटूनच घेऊन आल्या. लोखंडी पाय, त्याला चिकटलेली ओली वाळू, सगळं माझ्या ग्रंथालयाच्या टेबलावर आडवं ठेवलं आणि म्हणाल्या, "बाय, हे वाच. अक्षरं मला लागतात, पण अर्थ लागत नाय."

पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं होती. 'ऐतिहासिक बॉम्ब हिल. मावळ्यांचा पावन तळ. येथे मासे सुकवू नयेत.' खाली कुणाचं नाव नाही, कुठल्या कचेरीचा शिक्का नाही, नुसतं 'समस्त इतिहासप्रेमी'. समस्त म्हणजे कोण असं विचारायला गेलं की समोर कुणीच नसतं, असा माझा अनुभव आहे.

मी चंद्रकांता. पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मूळची बेटेगावची, भाताच्या बांधावर वाढलेली. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या माशापुरता. माझा स्वभाव संशयी आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणेनात का. पुस्तक परत आलं की मी पानं चाळून घेते, आणि परत करणारा जास्त गोड बोलला तर दुसऱ्यांदा चाळते.

रत्नाबाई मुरब्याच्या. गावाच्या टोकाला खाडीलगत एक मोकळा माळ आहे, तिथे त्यांच्या पाड्यातल्या बायका बोंबील सुकवतात. त्यासाठी बांबू उभे-आडवे बांधून वलांड्या केलेल्या असतात. त्या दिवशी सकाळी बायका माळावर गेल्या तर वलांड्या मोडून एका कडेला रचलेल्या आणि मधोमध ही पाटी.

"गावात कुणाला विचारलंत?"

"विचारलं. शिकलेली पोरं म्हनतात, मावशे, नेटवर हाय. मावळ्यांची जागा हाय, आता काय बोलायचं नाय." त्यांनी पदराने वाळू पुसायला घेतली, मग तसंच सोडलं. "माळ गेला तर आमी सुकवायचं कुठं? घराच्या पत्र्यावर? अख्खा पाडा त्या माळावर जगतो, बाय."

"खरं आहे. पण यात मी काय करणार?"

रत्नाबाईंनी माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहिलं. वाचनकक्षाच्या दारात त्यांची मुलगी उभी होती.

"हिला विचार," त्या म्हणाल्या. "हिनंच लिवलंय."

२

रिद्धी आमच्याकडे एम.ए.ला. हुशार पोर, पुस्तकाचा कोपरा कधी दुमडत नाही, म्हणून माझी लाडकी. तालुक्यातल्या जागांचा इतिहास लिहिण्याचं काम एका सरकारी समितीने कॉलेजला दिलं होतं आणि मुरब्याचं प्रकरण तिच्याकडे होतं. अहवाल सोमवारी जाणार होता. तो गेला की माळ स्मारक म्हणून नोंदला जाणार, कुंपण पडणार आणि बोंबील बाहेर. पाटीवाल्याला तेवढा धीर निघाला नव्हता.

तिची आई पाटी तिथेच टाकून बाजाराला निघून गेली. मी रिद्धीला समोर बसवलं.

"त्या माळावर टेकडी आहे?"

"आता नाही, मॅडम. झिजली असेल."

"तू तिथे वाढलीस. तुझ्या आजीने कधी टेकडी पाहिली होती?"

"घरच्यांची आठवण हा पुरावा होत नाही. दर्पण सर म्हणतात, लिखित हवं आणि तीन ठिकाणी हवं." तिने वही छातीशी धरली. "तीन ठिकाणी आहे, मॅडम. मुक्त ज्ञानकोशात आहे, बातमीच्या पोर्टलवर आहे आणि एक जुनी छापील पुस्तिका आहे. मी काय करू? आईची बाजू घेऊन लिहिलं तर म्हणतील, मच्छीवालीची पोर, घरचंच लिहिणार. मला खरं लिहायचं होतं." तिचा आवाज चिरकला. "घरी आई माझ्याशी बोलत नाही."

मला त्या पोरीची दया आली आणि रागही आला. खरं लिहायचं म्हणून हिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता.

"तुझे वडील काय म्हणाले असते?"

"बाबा तांडेल होते, बोट चालवायचे. गावाची सगळी माहिती त्यांना. शेवटी शेवटी तर दिवसभर फोनशी बडबडत बसायचे, ह्याला कळव, त्याला कळव. आज असते तर विचारलं असतं." कमलाकांत तांडेल जाऊन दोन पावसाळे झाले होते.

मी उठले आणि थेट मराठी विभागात गेले. दर्पण सर विभागप्रमुख, या प्रकल्पाचेही प्रमुख. मी दारात दिसताच त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"मुरब्याचे संदर्भ तुम्ही स्वतः उघडून बघितलेत, सर?"

"रिद्धीने बघितलेत."

"रिद्धी म्हणते सरांनी बघितलेत."

त्यांनी चष्मा पुसायला काढला. "मॅडम, तीन स्वतंत्र संदर्भ आहेत. नियम पाळलाय. आधीच अहवालाला उशीर झालाय. आणि मावळ्यांचं नाव आहे त्यात, विरोधात कोण लिहिणार? तुम्ही? हा विषय इथेच थांबवा, तुमच्याच भल्याचं सांगतो."

माझ्या भल्याचं जे जे कुणी सांगतं, त्याच्या खिशात काय आहे ते मला आधी बघावंसं वाटतं.

३

दुपारी दार लोटून मी आणि रिद्धी संगणकापुढे बसलो.

पहिला संदर्भ ज्ञानकोशाचा. 'वसईच्या मोहिमेच्या काळात मुरब्याच्या रहिवाशांनी होड्यांतून मावळे आणले. येथील टेकडीवर दारूगोळा वाळत घालीत. पुढे इंग्रजांनी तिला बॉम्ब हिल असे नाव दिले.' खाली आधार दिला होता 'बोईसर धडाका' या पोर्टलच्या बातमीचा. दुसरा संदर्भ म्हणजे तीच बातमी. तिच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'माहिती: मुक्त ज्ञानकोश'.

"बघ," मी म्हटलं. "हा म्हणतो त्याला विचारा, तो म्हणतो ह्याला विचारा. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत."

"पण पुस्तिका जुनी आहे, मॅडम. शंभर वर्षांपूर्वीची."

ती मी उघडली. 'तारापूर परगण्याचीं स्थळटिपणें.' पिवळट पानांचं स्कॅन, कडेला वाळवीने खाल्ल्यासारखे डाग. प्रस्तावना नाही, लेखकाचं नाव नाही. मी पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

'तीं टेकडीं उंचं होतीं व तेथे मावळ्यांचे ठाणे होते.'

जुन्या मराठी पुस्तकांत शब्दांच्या डोक्यावर किती अनुस्वार असत ते कुणीही पाहिलेलं असतं. पण ते उगाच शिंपडलेले नसत, त्यांना नियम होता. 'ठाणें होतें' यावर टिंब हवंच, आणि एका टेकडीवर ते कधीच नसे. या गृहस्थाने जिथे नको तिथे टिंबं दिली होती आणि जिथे हवी तिथली खाल्ली होती. जुन्या काळचा कारकून भुकेने मेला असता पण असं लिहिता ना.

"म्हणजे हे खोटं आहे?" रिद्धी हळूच म्हणाली.

"आजच्या माणसाने जुनं दिसावं म्हणून लिहिलंय. आता कधी लिहिलं ते बघू."

ज्ञानकोशाची एक गोष्ट मला आवडते. तिथे पानामागे इतिहास ठेवलेला असतो, कुणी कधी काय घातलं आणि काय काढलं ते सगळं. हे पान 'टेकडीचा वाटसरू' या टोपणनावाच्या माणसाने सुरू केलं होतं. सुरुवातीला आधार काहीच नव्हता. कुणीतरी 'संदर्भ हवा' असा शेरा मारला. मग पोर्टलवर बातमी आली आणि वाटसरूने ती जोडली. त्यावरही कुणी नाक मुरडलं, त्यानंतर पुस्तिका उगवली. तिघांत सगळ्यात म्हातारा दिसणारा पुरावा सगळ्यात शेवटी जन्माला आला होता.

वाटसरूच्या अगदी पहिल्या मसुद्यात एक ओळ होती, ती त्याने लगेच दुसऱ्या दिवशी काढून टाकली होती. रिद्धीने ती मोठ्याने वाचली.

"'मूळ कागद एका तांडेलाच्या रद्दीत असल्याचे समजते.'"

वाचून ती माझ्याकडे बघत राहिली. मुरब्यात तांडेल काही एकटे तिचे वडील नव्हते, पण तिचा चेहरा उतरला होता.

"बाबांकडे कसलीही रद्दी नव्हती, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या घरात माझी पुस्तकं सोडली तर कागदच नाही."

४

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि रिद्धीला घेऊन बोईसर गाठलं.

'बोईसर धडाका'चं ऑफिस म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. संपादक, बातमीदार, छायाचित्रकार सगळं एकच, मितेश. त्याच्या डोक्यामागे एक मोठं पोस्टर होतं, 'हिल व्ह्यू रिसॉर्ट, मुरबे किनारा. लवकरच.'

"व्ह्यू कसला?" मी विचारलं. "हिल कुठाय?"

"जाहिरात आहे, मॅडम. त्यांनी बातमी वाचली आणि नाव आवडलं." त्याने हसून खुर्ची फिरवली. "मजकूर मेलवर आला, मी टाकला. लोकांनी वाचला."

"पाठवणारा कोण?"

"ते नाय सांगत आपण."

"आणि पाटी?"

त्याची खुर्ची फिरायची थांबली. "पाटी आमची. व्हिडिओ काढायचा होता. बांबू मधे येत होते म्हणून पोरांनी बाजूला केले. पाटी माझी, मॅडम, इतिहास माझा नाही."

मला तो अजिबात आवडला नाही. खोटं सांगणाऱ्याचा राग येतो, पण खरं की खोटं याच्याशी ज्याला देणंघेणंच नाही त्याचा जास्त येतो. निघताना रिद्धी म्हणाली, "हाच असेल, मॅडम. रिसॉर्टवाल्यांनी करवून घेतलं असेल." मलाही तसंच वाटत होतं, पण एक अडत होतं. ज्याला स्वतःच्या बातम्यांत साधं ऱ्हस्व-दीर्घ धड जमत नाही, तो जुनी टिंबं द्यायला कशाला बसेल?

मुरब्याबद्दल कुणाला विचारायचं, असं खाली मोबाइलवाल्याला विचारलं, तर त्याने लगेच इंद्रजीत सरांचं नाव घेतलं. तारापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सुट्टीच्या दिवशी लोकांना किल्ले आणि किनारे दाखवतात, पैसे घेत नाहीत.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर इंद्रजीत सरांनी आमचं असं स्वागत केलं की जणू वर्षभर वाट बघत होते. भिंतभर किल्ल्यांचे नकाशे. मधल्या टेबलावर प्लास्टरची एक टेकडी, हिरवी रंगवलेली, वर बोटाएवढे मावळे आणि उन्हात पसरलेली दारू.

"बॉम्ब हिल," ते म्हणाले. "दारू दमट झाली की वाळत घालावी लागायची. समुद्रकाठ ना! हे बारकावे पुस्तकात मिळत नाहीत. त्यासाठी लोकांत जावं लागतं."

"तुम्ही तिथे टेकडी पाहिलीत?"

"सपाट झाली आता. सगळंच सपाट होतं." त्यांनी एका मावळ्याला बोटाने सरळ केलं. "कागदसुद्धा होते, मॅडम. रद्दीत पडले होते. मागेन मागेन म्हणेपर्यंत माणूस गेला, कागद गेले. लोक पुरावा मागतात. मी काय दाखवू?"

"ज्ञानकोशात कुणी लिहिलंय?"

"असेल कुणी," ते म्हणाले. "चांगलं लिहिलंय."

चहा चांगला होता. माणूस सभ्य, बोलणं मऊ. खाली उतरल्यावर रिद्धी म्हणाली, "निदान एकाला तरी मनापासून वाटतं." त्यांच्या बोलण्यातलं काहीतरी माझ्या कानात अडकलं होतं आणि काय ते आठवत नव्हतं.

५

मुरब्याला जायला रिक्षा केली. रिक्षावाल्याने मीटरकडे न बघता फोन काढला.

"बम हिल जाना है क्या, मॅडम? टूरिस्ट लोग उधरही जाता है. नक्शे में दिखाता है, देखो." खरंच, नकाशावर लाल टिकली होती. त्यात दोनशे माणसांनी त्या टेकडीला चार तारे दिले होते.

"तुम्ही पाहिलीत ती?"

"नहीं. उधर तो मच्छी सूखता है. हिल थोडा आगे होगा."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. आई म्हणते नाही, आजी म्हणते नाही, पायाखाली सपाट वाळू आहे, आणि माणसं म्हणतात टेकडी थोडी पुढे असेल. उद्या सरकारी कागदावर चढली की टेकडी खरी आणि रत्नाबाई खोट्या.

वाटेत रिद्धीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि कालपासून पहिल्यांदा ती हसली. "आई. बोलायला लागली बाई माझ्याशी एकदाची." तिने फोन माझ्यापुढे धरला.

'मावळे संपले येताना अंडी आण'

"हे काय?"

"म्हावरं संपलंय, मॅडम. म्हावरं म्हणजे मासळी. आईला टाइप करायला जमत नाही, ती फोनला तोंडी सांगते आणि फोन लिहितो. घरी आम्ही म्हावरं नाही म्हणत, मावरं म्हणतो. फोन बिचारा शहरातला. त्याला ते..."

ती बोलता बोलता थांबली. रिक्षा खड्ड्यातून गेली, आम्ही दोघी उडालो, पण तिची नजर फोनवरून हलली नाही.

"'होड्यांतून मावळे आणले'," मी म्हटलं.

"मॅडम," ती म्हणाली. "मग बॉम्ब हिल म्हणजे..."

"आत्ता बोलू नकोस. मनात धर."

माळावर बायका मोडलेल्या वलांड्या पुन्हा बांधत होत्या. माळ हाताच्या तळव्यासारखा सपाट. रत्नाबाईंनी लांबूनच हाक मारली, "रिद्दे, चप्पल काड, जाळं हाय पायात." मुलीने मुकाट्याने चपला काढल्या आणि आईशेजारी बसून सुंभाची गाठ मारायला लागली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण गाठ एकीने धरली आणि दुसरीने ओढली.

मी उभी राहून बघत होते आणि तेव्हा ते कानात अडकलेलं सुटलं. रद्दी. वाटसरूने लिहून दुसऱ्याच दिवशी पुसलेली ओळ. पुस्तिकेत ती नाही, बातमीत नाही, आम्ही तिचं नाव कुणापाशी काढलं नव्हतं. तरी एका माणसाने आपण होऊन सांगितलं होतं, कागद रद्दीत पडले होते.

"रत्नाबाई," मी म्हटलं, "उद्या कॉलेजात याल? बोंबलाची टोपली घेऊन."

६

शनिवारी वाचनकक्षात मी चौघांना बसवलं. दर्पण सर घड्याळ बघत होते, मितेश फोन बघत होता आणि इंद्रजीत सर कपाटातली पुस्तकं बघत होते. रत्नाबाईंनी टोपली दाराशी ठेवली होती. सुक्या बोंबलाचा वास सगळ्या संदर्भग्रंथांवर बसला होता. एरवी मी कुणाला असं करू दिलं नसतं.

"सरळ सांगते," मी म्हटलं. "पुस्तिका बनावट आहे. टिंबं चुकलीयत. ती दर्पण सरांनी केलेली नाही, कारण जुनं गद्य शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, ते झोपेतही ही टिंबं चुकवणार नाहीत. हो ना सर? तुम्हाला कधी कळलं?"

दर्पण सरांनी मान खाली घातली. मला वाटलं नाकारतील. "पहिल्याच पानाला," ते म्हणाले. "तुम्ही दारात आलात तेव्हा तेच उघडलेलं होतं. अहवाल आधीच लांबला होता, मॅडम. मी झाकण मिटलं."

रिद्धी त्यांच्याकडे बघत होती. तिने त्यांच्या शब्दाखातर आईला खोटं ठरवलं होतं. त्या बघण्यासमोर मला बसायला लागलं असतं तर मी राजीनामा दिला असता.

"मितेशने केलेली नाही, त्याला एवढा उत्साह नाही. त्याने फक्त आलेलं छापलं." मी रिद्धीचा फोन रत्नाबाईंपुढे धरला. "बाई, माळावर तुम्ही काय करता ते ह्याला सांगा. घरी बोलता तसंच."

रत्नाबाईंनी फोन तोंडाजवळ घेतला. "आमी मावरं आणतो, बोंबील वाळत घालतो."

मी फोन टेबलावर ठेवून सगळ्यांकडे फिरवला. पडद्यावर अक्षरं उमटली होती.

'आम्ही मावळे आणतो बॉम्ब हिल वाळत घालतो'

मितेश फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. इंद्रजीत सर उठून उभे राहिले होते. ते पडद्याकडे बघत होते, मग दाराशी ठेवलेल्या टोपलीकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"टेकडीचा वाटसरू तुम्हीच ना?" मी विचारलं. "रद्दीचं फक्त तुम्हाला माहीत होतं."

ते खाली बसले. मग म्हणाले, "मी लोकांना किनारा दाखवायला आणायचो, तेव्हा कमलाकांतांची ओळख झाली. दोनदाच भेटलो, तेही मंडळींच्या गर्दीत. मी त्यांना लिहून विचारलं, तुमच्या माळाचा इतिहास काय. त्यांचं उत्तर आलं." त्यांनी आपला फोन काढला. "मी खोटं नाही हो लिहिलं. मला वाटलं इतिहास खरा आहे, फक्त कागद हरवलाय. म्हणून कागद केला. मितेशला मीच पाठवलं. सगळ्यांनी पुरावा मागितला, एकानेही येऊन माळ बघितला नाही."

"तुमी बघितलात," रत्नाबाई म्हणाल्या. "तुमी तर उभे होते तिथं. आमच्या वलांड्याखाली सावलीत बसून पाणी प्यालात."

इंद्रजीत सरांनी फोन पुढे केला. "वाचा. तुमच्यासाठीच ठेवला असं समजा."

फोन रिद्धीने घेतला. वडिलांचा एकही निरोप तिच्याकडे नव्हता, तिला ते घरी तोंडीच सांगायचे आणि इतरांना धाडलेले निरोप त्यांच्या फोनसकट बोटीसोबत पाण्यात गेले होते, हे मला तेव्हा कळलं. ती मोठ्याने वाचायला लागली. निरोपात पूर्णविराम नव्हता की स्वल्पविराम नव्हता. फोनने लिहिलेलं ती फोनसारखं वाचतच नव्हती. जसजशी वाचत गेली तसतसा तिचा आवाज बदलत गेला, किनाऱ्यावर आला.

"'साहेब आमच्या माळावर पहिल्यापासून आम्ही मावळे आणतो बॉम्ब हिल वाळत घालतो'... मावरं आणतो, बोंबील वाळत घालतो. 'माझा बाप पण घालायचा त्याचा बाप पण घालायचा मला लिहायला येत नाही माझी रद्दी'..."

ती थांबली.

"पुढे आहे," इंद्रजीत सर हळूच म्हणाले. "'माझी रद्दी सगळं नीट लिहिते.' मला वाटलं, रद्दीत सगळं नीट लिहिलेलं आहे. मी ते कागद किती शोधले..."

"कागद नव्हते," रिद्धी म्हणाली. ती रडत होती आणि पुसत नव्हती. "रद्दी नाय. रिद्दी. बाबा मला रिद्दीच म्हणायचे."

रत्नाबाई उठल्या आणि लेकीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. त्या खोलीत मलाही रडू आलं. मी ते लपवलं नाही.

त्या दिवशी रिद्धी संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर बसून लिहीत होती. तिला हवं ते पुस्तक मी काढून देत होते, बहुतेक नकोच होतं. इंद्रजीत सरांनी शेजारी बसून ज्ञानकोशाचं पान स्वतःच्या हाताने खोडलं आणि खाली स्वतःचं खरं नाव घालून चूक लिहिली. मितेशला मी त्याची पाटी परत दिली. पुस्तिकेचं काय करायचं ते दर्पण सरांनी मला विचारलं, मी सांगितलं की टिंबांसकट परिशिष्टात लावा आणि खाली तुमचा शेरा लिहा, कधी कळलं त्यासकट. नकाशावरची टिकली मात्र अजून तिथेच आहे. रिक्षावाले अजून माणसं आणतात आणि ती माणसं टेकडी शोधून दमली की रत्नाबाईंकडून सुके बोंबील घेऊन जातात.

सोमवारी अहवाल गेला. मुरब्याच्या प्रकरणाला आता दोनच आधार होते. पहिला, रत्नाबाई, माळावर बसून सांगितलेलं. दुसरा होता तो निरोप, फोनने लिहिला तसाच, एकही अक्षर न बदलता. त्याच्याखाली रिद्धीने टीप दिली होती.

'शब्द फोनचे. माहिती कमलाकांत तांडेल यांची. नीट लिहून काढणारी: त्यांची रिद्दी.'

दर्पण सरांनी 'रिद्दी'वर लाल गोल केला होता. मी तो गोल खोडला आणि अहवाल पाकिटात घातला.